सह्याद्रीच्या धाकट्या भावंडांकडे

सहलीचं ठिकाण निवडताना आपण बहुतेक वेळा ‘इथे नाही असं तिथे काय आहे’ एवढंच बघतो. पुण्याला समुद्र नाही म्हणून समुद्र, उन्हाळा सोसवत नाही म्हणून बर्फ, गर्दीचा वीट आला म्हणून निवांत जागा. येत्या जानेवारीत आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतील. त्यानिमित्त दोघांनीच कुठेतरी लांब जायचं ठरलं, तेव्हा आमचीही सुरुवात अशीच झाली. मला बेट हवं होतं. निळं पाणी, माड, उबदार हवा. नवऱ्याला डोंगर हवा होता, तोही साधासुधा नको, ज्वालामुखी हवा होता. दोघांच्या मागण्या एकत्र केल्यावर शोधायचं काय ते स्पष्ट झालं. उष्ण कटिबंधातलं ज्वालामुखीचं बेट.

अशी बेटं जगात पुष्कळ आहेत. हवाईचं नाव साहजिकच पहिलं निघालं. पण पुण्याहून हवाई म्हणजे जवळजवळ पृथ्वीच्या पाठीमागे जाणं. शिवाय अमेरिकेचा व्हिसा, दोन-तीन विमानं, आणि घरी सासूबाई एकट्या. बाली सोपं होतं. बातूरच्या माथ्यावर, १,७१७ मीटरवर, पहाटे चढून सूर्योदय बघतात म्हणे. ओळखीतले कितीतरी जण जाऊन आलेत आणि सगळे खूश आहेत. आपलं अंदमानही आहेच. पोर्ट ब्लेअरपासून, म्हणजे आताच्या श्रीविजयपुरमपासून, साधारण १३५-१४० किलोमीटरवरचं बॅरन बेट हा भारतातला एकमेव जागता ज्वालामुखी. दीर्घ झोपेनंतर तो १९९१ मध्ये पुन्हा जागा झाला. पण बेटावर उतरता येत नाही, बोटीतूनच बघायचं. नवरा म्हणाला, ‘‘डोंगराला हात लावायचा नसेल तर मी फोटोच बघतो.’’

मग एका रविवारी वेताळ टेकडीवर फिरताना नवऱ्याचे जुने सर भेटले. भूगर्भशास्त्र शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. आता निवृत्त आहेत, पण टेकडी सोडलेली नाही. जुन्या दगडखाणीच्या काठावर उभं राहून आमचा बेत ऐकला आणि खाणीच्या भिंतीकडे हात करून म्हणाले, ‘‘ज्वालामुखी बघायचा ना? मग हा जिथून आला तिथेच जा की. अजून पेटलेला आहे.’’

त्यांनी सांगितलं ते असं. ज्या काळ्या कातळावर पुणं उभं आहे, तो सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा आहे. पृथ्वीच्या पोटात खोलवरून तप्त द्रव्य एका जागी सतत वर येतं, त्या जागेला हॉटस्पॉट म्हणतात. भारताची भूमी उत्तरेकडे सरकत असताना अशा एका हॉटस्पॉटवरून गेली आणि जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर पडला. शंकूसारखा डोंगर होऊन नव्हे, तर लांबच लांब भेगांमधून, पुराच्या पाण्यासारखा, थरावर थर. आज उरलेला हा कातळ सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि सह्याद्रीच्या बाजूला त्याची जाडी दोन हजार मीटरहून अधिक भरते. भारत पुढे सरकत राहिला, त्या काळात वर्षाला पंधरा सेंटीमीटरहूनही जास्त. हॉटस्पॉट मात्र बराचसा आपल्या जागीच राहिला आणि वरून सरकणाऱ्या समुद्रतळाला भोकं पाडत गेला. आज तो हिंदी महासागरात रीयुनियन नावाच्या बेटाखाली आहे. पुण्यापासून सरळ रेषेत सुमारे ४,८०० किलोमीटर.

मी त्या खाणीच्या भिंतीजवळ गेले. लांबून सपाट काळी दिसणारी भिंत जवळून तशी नव्हती. एका पट्ट्यात दगडाला बारीक बारीक भोकं होती, काही वाटाण्याएवढी, काही बदामाच्या आकाराची, सगळी एकाच दिशेला किंचित ओढल्यासारखी लांबट. बरीचशी पांढऱ्या स्फटिकांनी भरलेली. नखाने खरवडलं तर एक कण निघून आला आणि उन्हात चमकला. सर म्हणाले, हे वायूचे बुडबुडे. लाव्हा थिजत आला तेव्हा वर यायला निघाले आणि मध्येच अडकले. वाहत्या रसाने त्यांना ओढलं, म्हणून लांबट. पुढे लाखो वर्षं पाणी झिरपत राहिलं आणि पोकळ्या भरल्या. वाघोलीच्या खाणींत अशाच पोकळ्यांमध्ये कॅव्हन्साइट नावाचं गर्द निळं खनिज सापडतं. जगभरातल्या संग्रहालयांत त्याचे नमुने मांडलेले आहेत. वाघोलीला मी वर्षानुवर्षं जातेय. तिथल्या खडीत निळं फूल असतं हे मला त्या दिवशी कळलं.

घरी आल्यावर मी सासूबाईंचा पाटा बघितला. मिक्सर आल्यापासून तो बाल्कनीत असतो, पण चटणी अजूनही अधूनमधून त्यावरच होते. एक भोक नाही त्याला. हात फिरवला तर घट्ट, थंड, एकसंध. सासूबाई म्हणाल्या, ‘‘भोकाचा दगड कोण घेईल पाट्याला? वाटण अडकून बसतं. पाथरवट निवडून आणायचा, मग टाकी लावायचा.’’ म्हणजे लाव्हाच्या थराचा कुठला भाग चटणीला आणि कुठला पायाला, हे ज्ञान आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होतं. पाटा, जातं, उखळ, वाड्याचं जोतं, जंगली महाराज रस्त्यावरचं अखंड कातळात कोरलेलं पाताळेश्वर, सगळी त्या एका आगीची देणगी आहे. आम्ही दोघं तर लग्नाच्या आधीपासून गड चढतोय. राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड. ज्या सरळसोट कड्यांमुळे हे गड अभेद्य झाले, ते कडे म्हणजे लाव्हाच्या कठीण थरांच्या कडा. मधले मऊ थर झिजले, कठीण टिकले. आमची ओळखच अशा एका कड्याखाली झाली होती. तेव्हा त्या आगीच्या घरी जाऊन यायचं, हे मला एकदम पटलं. इथे नाही असं काहीतरी बघायला म्हणून नाही. रीयुनियन आणि मॉरिशस ही सह्याद्रीची धाकटी भावंडं आहेत, आणि पंचविशीला सख्ख्यांकडे जाऊन यावं असं मला वाटतं.

हॉटस्पॉटने मागे ठेवलेली वाट नकाशावर शोधण्यात मग आमच्या कितीतरी संध्याकाळी गेल्या. दख्खनपासून दक्षिणेला लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मग मॉरिशस आणि शेवटी रीयुनियन. १९८७ मध्ये एका संशोधन जहाजाने या ओळीवर समुद्रतळ भेदून खडकाचे नमुने काढले. मालदीवचा बेसॉल्ट, म्हणजे आपल्याकडचाच तो काळा कातळ, सुमारे पावणेसहा कोटी वर्षांचा निघाला, चागोसचा पाच कोटींच्या आसपास, त्याच्या दक्षिणेचा त्याहून तरुण. मॉरिशस ऐंशी-नव्वद लाख वर्षांचं, आणि रीयुनियन तर समुद्राबाहेर डोकं काढून वीस-तीस लाख वर्षंच झालेलं. म्हणजे दक्षिणेला जावं तसं वय उतरत जातं. माझी मैत्रीण लग्नाच्या वाढदिवसाला मालदीवला जाऊन आली, तीही याच वाटेवर होती. तिथला ज्वालामुखी केव्हाच खचून पाण्याखाली गेला आणि वर राहिलं ते प्रवाळाचं कडं.

सहलीच्या आखणीत याचा थेट उपयोग होतो, हे मला सर्वांत आवडलं. बेट जितकं जुनं तितका त्याच्याभोवती प्रवाळाला वाढायला वेळ मिळालेला. मॉरिशसभोवती जवळजवळ पूर्ण कडं आहे, म्हणून आतलं पाणी उथळ, शांत, जाहिरातीत दिसतं तसं. रीयुनियन तरुण आहे. तिथे पश्चिम किनाऱ्यावर थोडाच भाग प्रवाळाने राखलेला आहे, बाकी समुद्र उघडा आणि खवळलेला. शार्कच्या हल्ल्यांमुळे २०१३ पासून तिथे राखलेल्या जागा सोडून पोहायला बंदी आहे. तेव्हा पाण्यात डुंबायचं ते मॉरिशसला आणि डोंगर बघायचे ते रीयुनियनला. माझी मागणी एका बेटावर, नवऱ्याची दुसऱ्यावर, आणि मध्ये पाऊण तासाचं विमान.

क्रमही वयाप्रमाणेच ठेवलाय. आधी मॉरिशस. मुंबईहून थेट विमान सहा-साडेसहा तासांत पोचतं, भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही, घड्याळ फक्त दीड तास मागे. किनाऱ्याबद्दल फार लिहीत नाही, ते सगळ्यांनी लिहून झालंय. मला बघायचंय ते क्यूरपीप गावाजवळचं त्रू ओ सेर, थंड झालेलं ज्वालामुखीचं मुख, आता गर्द झाडीने भरलेलं. आणि गंगा तलाव, जो अशाच एका मुखात साठलेला आहे. महाशिवरात्रीला तिथे हजारो लोक पायी जातात. शमारेलची सात रंगांची माती मला आधी केवळ फोटोची जागा वाटत होती. वाचल्यावर कळलं, बेसॉल्ट कुजून त्यातलं लोह आणि ॲल्युमिनियम उरतं तेव्हा असे तांबडे-जांभळे रंग येतात. आपल्या घाटांत रस्ता कापलेल्या भिंतींवर काळ्या थरांच्या मध्ये जी तांबडी रेघ दिसते, तीही दोन उद्रेकांच्या मधल्या उसंतीत तयार झालेली माती. माझं माहेर वाईचं. पसरणीचा घाट चढताना ती तांबडी रेघ मी लहानपणापासून बघत आले.

पण मॉरिशसला जाण्याचं याहून मोठं कारण माणसं आहेत. पोर्ट लुईच्या बंदरावर आप्रवासी घाट आहे. १८३४ ते १९२० या काळात जवळजवळ पाच लाख गिरमिटिये, म्हणजे कराराने बांधलेले मजूर, भारतातून ऊसमळ्यांसाठी इथे उतरले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली आणि घाटावरची मराठी कुटुंबंही होती. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून ओळखले जातात, शाळेत मराठी शिकतात, मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत ती उच्च पातळीपर्यंत शिकवली जाते. गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. पश्चिमेकडच्या कास्कावेल गावात मराठी वस्ती आहे. मला तिथे जायचंय, कुणाच्या ओसरीवर बसून बोलायचंय. काळ्या दगडाच्या प्रदेशातून निघून हजारो मैलांवर पुन्हा काळ्या दगडाच्याच शेतात राबलेल्या त्या लोकांचा विचार मनातून जात नाही. ऊस लावण्याआधी मळ्यांतले दगड वेचून ढीग रचावे लागत. शेतांच्या मधोमध उभे असलेले ते काळे ढीग आजही दिसतात. ते हातांनी रचलेले आहेत.

रीयुनियन हा १९४६ पासून फ्रान्सचा एक प्रांत आहे, चलन युरो. फ्रान्सचा असला तरी युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या शेंगेन क्षेत्रात येत नाही, म्हणून त्याचा व्हिसा वेगळा विचारावा लागतो. खर्चही मॉरिशसपेक्षा जास्त. मुलगी म्हणाली, एवढं करण्यापेक्षा मॉरिशसचंच चांगलं हॉटेल घ्या की. आम्ही उलट केलं. मॉरिशसचं हॉटेल साधं घेतलं आणि तिथले मुक्काम कमी करून रीयुनियनला दिले.

त्या बेटावर दोन ज्वालामुखी आहेत. पितों दे नेज, ३,०७० मीटर, हिंदी महासागरातलं सर्वांत उंच शिखर, आता शांत. आणि आग्नेयेला पितों द ला फुर्नेझ, २,६३२ मीटर, जगातल्या सर्वांत जागत्या ज्वालामुखींपैकी एक. सतराव्या शतकापासून त्याचे दीडशेहून अधिक उद्रेक नोंदलेले आहेत. स्फोट होऊन राख उडवणारा त्याचा स्वभाव नाही. रस पातळ, वाहत जाणारा, दख्खनच्या रसासारखा. १९७७ च्या एप्रिलमध्ये लाव्हा किनाऱ्यावरच्या पितों सेंत रोज गावात शिरला, घरं जाळली, चर्चच्या दारापर्यंत आला आणि भिंतींच्या दोन्ही बाजूंनी वाहत पुढे गेला. गाव आधीच रिकामं केलेलं होतं, कुणी दगावलं नाही. चर्च आजही वापरात आहे, थिजलेला लाव्हा त्याला टेकून पडलेला आहे. त्यानंतर १९७९ मध्ये तिथे वेधशाळा झाली. २००७ च्या उद्रेकात तर शिखरावरच्या विवराचा तळ तीनशे मीटरहून जास्त खचला, आणि लाव्हाने रस्ता ओलांडून समुद्रात नवी जमीन घातली. त्या रस्त्याने गाडीतून जाता येतं. प्रत्येक प्रवाहाजवळ सालाची पाटी आहे. जुन्या सालाच्या दगडावर झुडपं, अलीकडच्यावर नुसतं शेवाळ आणि नेचे. उजाड कातळाचं रान कसं होत जातं ते एका रस्त्यावर ओळीने बघायला मिळेल. आपल्या सह्याद्रीतही हे घडून गेलं, फक्त पाट्या लावायला कुणी नव्हतं.

उद्रेक चालू असेल का, हे सगळे विचारतात. असेल तर बघू, नसेल तर हळहळ नाही. उद्रेक सुरू झाला की विवराभोवतीचा भाग लोकांना बंद करतात आणि ते योग्यच आहे. पा द बेलकोंब या कड्यावर, २,३११ मीटरवर, गाडी जाते. तिथून खालचं अफाट काळं मैदान आणि मधोमध उभा डोंगर दिसतो. नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. चढेल, पण उतार त्याला मानवत नाही. त्यामुळे कड्यावरून खाली उतरायचं नाही, असं त्याने स्वतःच कबूल केलंय. पितों दे नेजही नाही. हे त्याला सोपं गेलेलं नाही, मला दिसतंय. एकेकाळी रात्रीत दोन गड करणारा माणूस आहे तो. पण कड्याच्या काठाशी बसून डोंगर नीट बघत राहणं हेही डोंगराकडे जाणंच आहे, असं मी त्याला सांगितलं, आणि मला ते खरंच वाटतं.

जुन्या ज्वालामुखीच्या माथ्याभोवती तीन प्रचंड खोलगटे तयार झाले आहेत, माफात, सिलाओस आणि सालाझी. २०१० पासून ते जागतिक वारसा यादीत आहेत. माफातला रस्ताच नाही, चालत जायचं किंवा हेलिकॉप्टरने. गुलामगिरीतून पळालेली माणसं या कड्यांच्या आड जाऊन राहिली, तिथून तिथली वस्ती सुरू झाली. गुलामगिरी संपली ती २० डिसेंबर १८४८ ला. आम्ही माफात मायदोच्या कड्यावरून बघणार आहोत, साधारण २,२०० मीटरवरून, तिथवर गाडी जाते. हेलिकॉप्टरचा मोह मी बाजूला ठेवलाय. ज्या जागेचं मोल ती पायी गाठावी लागते म्हणून आहे, तिथे घिरट्या घालून फोटो काढणं मला रुचत नाही.

याच बेटावर १८४१ मध्ये एदमों आल्ब्युस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने व्हॅनिलाच्या फुलाचं परागीभवन बोटांनी कसं करायचं ते शोधून काढलं. मूळ मेक्सिकोतली ही वेल इथे वाढायची, पण शेंग धरायची नाही. त्याने बारीक काडीने फुलातला पडदा उचलला, अंगठ्याने दाबलं, झालं. आजही व्हॅनिलाच्या मळ्यांत हीच रीत चालते. तो स्वतः १८८० मध्ये गरिबीत गेला. मला व्हॅनिलाचा मळा बघायचाय तो त्याच्यासाठी.

सासूबाईंची काळजी खाण्याची. ‘‘तिकडे तुम्हाला पोटभर मिळणार काय?’’ सिलाओसची मसूर प्रसिद्ध आहे, बारीक, त्याच ज्वालामुखीच्या मातीत पिकणारी. जेवणात भात, वर डाळ किंवा घेवडा आणि रुगाय नावाचं चटणीसारखं तिखट तोंडीलावणं. समोसेसुद्धा मिळतात. हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा खुलला. ‘‘म्हणजे मसुराची आमटीच की! येताना पाव किलो आणा, मी करून बघते.’’

आता तारखा. वाढदिवस जानेवारीत, आणि नोव्हेंबर ते एप्रिल तिथे चक्रीवादळांचे महिने. ८ जानेवारी १९६६ ला संपलेल्या चोवीस तासांत रीयुनियनच्या फोक-फोक इथे १,८२५ मिलिमीटर पाऊस पडला, तो जागतिक विक्रम अजून टिकून आहे. पुण्यात वर्षभरात पडतो त्याच्या दुपटीहून जास्त, एका दिवसात. तेव्हा जानेवारीत घरीच पुरणपोळी, आणि प्रवास त्याच वर्षी पावसाळा सरल्यावर. मे ते ऑक्टोबर तिथे कोरडे, थंड महिने. मला गणपतीतच कास्कावेलला असायचं होतं, पण घरचा गणपती सोडून परक्या देशातला बघायला जाणं दोघांनाही जमेना. म्हणून विसर्जन झालं की निघायचं.

विमान पहाटेचं आहे, त्यामुळे मुंबईला आदल्या दिवशीच पोचायला हवं. नवऱ्याने गाडी सकाळची सांगितलीय, आणि एक्सप्रेसवेने नाही, खंडाळ्यावरून जुन्या रस्त्याने. बोरघाट उजेडात उतरायचा आहे. पावसाळा नुकताच सरलेला असेल, कडे धुतलेले असतील, थर मोजता येतील. ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवलंय, घाटात थांबावं लागेल.